ऑडिओलॉजीत करिअर: आवाज मोठा करणं म्हणजे ऐकू येणं नव्हे!



माझी मामेबहीण यंदा बारावी सायन्सला आहे. परवा तिचा फोन आला, "दादा, मला ऑडिओलॉजी करायचंय. बाबा म्हणतात कॉम्प्युटर घे. तू समजाव ना त्यांना!" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, कानाचा डॉक्टर नाही. पण हे तिच्या डोक्यात कुठून आलं ते मला माहीत आहे.

आजीच्या मशीनची गोष्ट

आजीला कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा मामांनी तपासणी न करताच एका दुकानातून श्रवणयंत्र आणलं. आठवड्याभरात ते कपाटात गेलं. "भांडी आदळली की कान फुटतो, आणि माणसांचं बोलणं तर कळतच नाही," असं आजी म्हणायची. एकदा भाजीवाला "साठ" म्हणाला, आजीने "आठ" ऐकलं आणि आठच रुपये काढून दिले. सगळे हसले. त्या दिवसापासून आजीने बाजारात जाणं बंद केलं.

नेमकं काय बिघडतं?

आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा कॉक्लिया असतो. त्यात जन्मतः सुमारे 15,000 हेअर सेल्स असतात. पेटीच्या पट्ट्यांसारखी त्यांची जागा ठरलेली असते. तोंडाजवळच्या पेशी बारीक, उंच आवाज पकडतात, तर आतल्या टोकाच्या पेशी जाड, खालचे आवाज. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

वय वाढलं की सहसा उंच आवाजांच्या पेशी आधी जातात. 'आ' हा स्वर खालच्या पट्टीत असतो, पण 'स'ची बरीचशी ऊर्जा 4,000 हर्ट्झच्या वर असते. म्हणजे 'साठ'मधला 'स' गेला की उरतं 'आठ'! अशा वेळी सगळाच आवाज वाढवला तर 'आ' आणखी मोठा होतो, 'स' हरवलेलाच राहतो.

मशीन काय करतं, माणूस काय करतो?

डिजिटल श्रवणयंत्र आवाजाचे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे पट्टे पाडतं, हळू आवाज जास्त वाढवतं आणि मोठा आवाज कमी वाढवतं. हे सगळं काही मिलिसेकंदांत व्हावं लागतं, नाहीतर स्वतःचंच बोलणं घुमल्यासारखं वाटतं. हा कोड आमच्यासारखे लोक लिहितात. पण आजीच्या कानाला कुठल्या पट्ट्यात किती आवाज द्यायचा, हे ऑडिओलॉजिस्ट ठरवतो. त्यासाठी साधारण 250 ते 8,000 हर्ट्झपर्यंत तपासणी करून ऑडिओग्राम काढतात.

शेवटी आजीला ऑडिओलॉजिस्टकडे नेलं, तेव्हा बहीण सोबत होती. तपासणी झाली, नवं मशीन आलं, मग तीनदा सेटिंग बदललं. आजी आता पुन्हा भाजीवाल्याशी घासाघीस करते.

शिक्षण कुठे?

- बारावी सायन्सनंतर बीएएसएलपी ही पदवी. अभ्यासक्रम चार वर्षांचा, त्यात एक वर्ष इंटर्नशिप.
- मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, ही दोन मोठी नावं.
- कॉलेजला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे आधी बघा. पदवीनंतर तिथेच नोंदणी करावी लागते.

संशोधनात काय उरलंय?

भरपूर! 1978 मध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवलं की निरोगी कान स्वतःही बारीक आवाज सोडतो. आज त्यावरूनच झोपलेल्या तान्ह्या बाळाचा कान काही मिनिटांत तपासता येतो. पक्ष्यांमध्ये हेअर सेल्स पुन्हा उगवतात, मग माणसात का नाही? लग्नाच्या हॉलमधल्या गोंगाटातून समोरच्याचं बोलणं वेगळं कसं काढायचं? आणि 'साठ-आठ', 'पाट-पाठ' असे मराठीतले फरक तपासायला इंग्रजी शब्दांच्या याद्या उपयोगाच्या नाहीत. त्यासाठी मराठी समजणारेच लोक हवेत.

मामांना मी पगाराचं कुठलंही खोटं आश्वासन दिलं नाही. एवढंच म्हटलं, "मामा, कोड लिहिणारे माझ्यासारखे खूप आहेत. पण ते मशीन आजीच्या कानात नीट बसवणारं कुणी नसेल, तर आमचा कोड कपाटातच पडून राहणार."

ते अजून 'हो' म्हणालेले नाहीत. पण फॉर्म कधी निघतो, हे काल त्यांनीच विचारलं.