सेवाग्रामचा भाजीमळा

वर्ध्याहून सेवाग्राम आठ किलोमीटरवर. येणारी बहुतेक मंडळी बापूकुटी बघतात, आदिनिवासात जरा टेकतात, गांधीजींनी लावलेल्या पिंपळाखाली फोटो काढून घेतात आणि परतीची वाट धरतात. आश्रमापासून पायी जाण्याच्या अंतरावर नई तालीमचा, म्हणजे गांधीजींच्या कामातून शिकवण्याच्या पद्धतीचा, परिसर आहे. तिकडे फारसं कुणी वळत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. कुटीत गांधीजींच्या वस्तू जपल्या आहेत. त्यांचा शिक्षणाचा विचार मात्र आजही कामाला लागलेला बघायचा असेल, तर ‘आनंद निकेतन’ या मराठी माध्यमाच्या शाळेत जायला हवं. इथली मुलं भाज्या पिकवतात, शिजवतात, त्यांचा हिशेब ठेवतात, आणि हे सगळं शाळेच्या वेळात, अभ्यास म्हणून करतात.

नई तालीम समितीने २००५ मध्ये ही शाळा सुरू केली. शेती, स्वयंपाक, सूतकताई, शिवण ही कामं इथे अभ्यासक्रमाचाच भाग आहेत. मळ्यात रासायनिक खत नाही, विषारी फवारणी नाही. शेणखत, पालापाचोळ्याचं कंपोस्ट, कीड आलीच तर कडुलिंबासारखे घरगुती उपाय. वर्धा हा कापसाचा, सोयाबीनचा जिल्हा. इथल्या शेतकऱ्याच्या घरी पोत्याने कापूस असतो आणि भाजी मात्र आठवडी बाजारातून येते, हे चित्र आता नवं राहिलेलं नाही. एके काळी विदर्भात घरामागे सांदवाडी असायची. वांगी, भेदरं (टोमॅटो), बरबटी (चवळी), सांबार (कोथिंबीर), कुंपणावर वालाचा नाहीतर दोडक्याचा वेल. सांदवाडी गेली आणि तिच्याबरोबर ताटातला रोजचा हिरवा घासही गेला. शाळेच्या मळ्याचं मोल या भागात म्हणूनच जास्त आहे.

मळ्यात शिकायचं म्हणजे काय, हे कळायला मेथीचा एकच वाफा पुरे. इथली माती काळी, चिकट. पाऊस पडला की चपलेला चिकटून वर येते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पाणी तुंबू नये म्हणून तिच्यात गादीवाफा उंच करावा लागतो. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद असा वाफा दोरी लावून आखला की क्षेत्रफळाचा धडा झाला. बी टाकण्याआधी उगवण तपासायची. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, काही दिवसांनी उघडून मोड मोजायचे. सत्तर फुटले असतील तर तीस दाणे कुठे गेले, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. टक्केवारी शिकवायला याहून चांगला फळा मला माहीत नाही. मग पेरणी, झारीने पाणी, निंदण. साधारण महिनाभरात मेथी काढणीला येते. एखादं रोप अलगद, मुळासकट उपटून पाण्यात धुतलं की मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. पुस्तकातली आकृती पाठ केलेल्या मुलाला ही गाठ नखाने फोडून आतला गुलाबीसर रंग बघता आला, तर ती पुढे कधी विसरायची नाही.

शेवटी जुडी बांधायची, वजन करायचं, आणि बियाण्याचा, खताचा, स्वतःच्या तासांचा हिशेब मांडायचा. बाजारात वीस रुपयांची जुडी दहाला मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे हे मूल पुढे वेगळ्या नजरेने बघेल. शेतकऱ्याच्या मुलाला तर आपल्या बापाच्या कष्टाचा भाव पहिल्यांदा कागदावर दिसतो.

मळ्याइतकंच महत्त्व इथे स्वयंपाकघराला आहे. माझ्या मते या शाळेचं खरं वैशिष्ट्य तेच. भाजी निवडणं, चिरणं, वाढणं ही कामं मुलगे आणि मुली दोघंही करतात. पालक पिळून पाणी फेकलं तर काय जातं, मेथीवर लिंबू पिळलं की तिच्यातलं लोह अंगी का लागतं, मुळ्याचा पाला का टाकायचा नाही, हे चुलीपाशी सांगितलं की पटतं. आणि स्वतः पेरलेली भाजी मूल खातंच. कारल्याला नाक मुरडणारं पोरही आपल्या वेलावरचं पहिलं कारलं चाखून बघतं. आईबापांनी वर्षानुवर्षं केलेल्या विनवण्यांना जे जमत नाही, ते दोन महिन्यांच्या पाणी घालण्याने जमून जातं.

मुळ्याच्या पाल्याला वर्ध्यात जुना इतिहासही आहे. १९३५ मध्ये गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. तिथे त्यांनी आहाराचे प्रयोग केले आणि ‘हरिजन’मध्ये हिरव्या पानांवर लिहिलं. लोक फेकून देतात तो मुळ्याचा, गाजराचा पाला त्यांनी ताटात आणला होता. त्याच्याही आधी, १९१० मध्ये, दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म उभा राहिला. अकराशे एकर जमीन, हजाराच्या आसपास फळझाडं, आणि सकाळी मातीत राबून दुपारी वर्गात बसणारी मुलं. जेवणानंतरच्या त्या वर्गात डुलक्या यायच्या, डोळ्यांना पाणी लावावं लागायचं, असं गांधीजींनी आत्मकथेत सरळ लिहिलं आहे. हातकाम आणि अभ्यास यांची सांगड सोपी नसते, हे त्यांना तेव्हापासून ठाऊक होतं.

याच सांगडीवर विचार करायला ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने आखलेल्या साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटं एकट्या मूलोद्योगाला, म्हणजे शिक्षणाचा पाया असलेल्या हातकामाला, दिली होती. शेती आणि फळांची-भाज्यांची बाग हेही त्या उद्योगांत होते. पुढच्याच वर्षी या शिक्षणाच्या कामासाठी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात काम केलेले आर्यनायकम आणि आशादेवी हे दांपत्य सेवाग्रामच्या कामाचा कणा झालं. चित्रकार आणि कुंभारकलेचे जाणकार देवीप्रसाद इथे १९४४ पासून अनेक वर्षं कला शिकवत होते.

विरोध तेव्हाही झाला, आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी परिषदेतच शंका काढली होती की, मुलांच्या कमाईवर शाळा चालवायची ठरली तर शाळेचा कारखाना होईल आणि गावातल्या कारागिरांचंही नुकसान होईल. शिवाय ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या शेतात राबण्यात गेल्या, त्या आईबापांनी ‘माझ्या पोराला पुन्हा खुरपं नको’ म्हटलं तर त्यांना दोष कसा द्यायचा? मला हा आक्षेप आजही सगळ्यांत मोठा वाटतो. त्याला उत्तर एकच: खुरपं सगळ्यांच्या हाती असावं, डॉक्टरच्या मुलाच्याही आणि मजुराच्या मुलीच्याही, आणि खुरप्याबरोबर वही कधी सुटू नये. वही सुटली की ती नुसती मजुरी. आनंद निकेतनमध्ये काम आणि वही एकत्र चालतात, म्हणून ही जागा मला मोलाची वाटते. स्वातंत्र्यानंतर याच पद्धतीच्या ‘बुनियादी’ शाळा देशभर उघडल्या आणि हळूहळू मिटल्याही. सेवाग्रामचं जुनं कामही थांबलं होतं. २००५ मध्ये त्याला पुन्हा पालवी फुटली.

आता सरकारही या वाटेवर आलं आहे. केंद्राने ऑक्टोबर २०१९ मध्ये शालेय पोषण बागेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. जागा नसेल तर कुंड्यांत, डब्यांत, गच्चीवर लावा, असंही त्यांत सुचवलं आहे. महाराष्ट्रात शाळाशाळांतून परसबागा होत आहेत. मध्यान्ह भोजनात प्राथमिकच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी द्यायची असते. शंभर मुलांच्या प्राथमिक शाळेला रोज पाच किलो भाजी लागते. दोन-चार वाफ्यांत ती निघणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, मोकाट जनावरं कोण हाकणार, हेही प्रश्न आहेत. गावातली मंडळी, बचत गटाच्या बाया, शाळा व्यवस्थापन समिती यांनी अंगावर घेतलं तरच परसबाग जून ओलांडते. पण आठवड्यातून दोन दिवस जरी खिचडीत शाळेचा पालक पडला, शेवग्याची पानं पडली, तरी मुलं तो घास ओळखतात. परसबाग तपासणीच्या दिवसापुरती रंगवलेल्या विटांत सजवायची, की तिच्यावर गणित, विज्ञान आणि जेवण चालवायचं, हे शेवटी गुरुजींवर आणि बाईंवर आहे. त्यांना तासिकेत मोकळीक दिली तर ते करतात.

सेवाग्रामला जायचं तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जावं. मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, वांगी हा सगळा रब्बीचा बहर याच दिवसांतला. नागपूरहून रस्त्याने साधारण पंचाहत्तर किलोमीटर. रेल्वेने सेवाग्राम किंवा वर्धा स्थानकावर उतरून पुढे रिक्षा मिळते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि शाळेला सुट्टी असते, तेव्हा जाण्यात अर्थ नाही. ही चालती शाळा आहे, म्हणून आधी कळवून, परवानगी घेऊन जावं, आणि बरोबर आपल्या गावच्या शाळेतले एक-दोन शिक्षक न्यावेत. बियाणं कुठून आणता, पाण्याचं काय करता, तासिका कशा बसवता, हे त्यांनी तिथल्या शिक्षकांनाच विचारावं.