पाठराखण कोणासाठी?

नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर माहेरची एखादी जाणती बाई किंवा बहीण पाठवण्याची रीत आपल्याकडे होती. तिला पाठराखीण म्हणत. कवितासंग्रहाच्या मलपृष्ठावरील मजकुराला मराठीत ‘पाठराखण’ हा शब्द रूढ झाला आहे. तो कोणी योजला असेल त्याच्या मनात पुस्तकाची पाठ असेल, किंवा पाठीशी उभे राहणे असेल. पण परक्या घरी नव्या माणसाला बावरल्यासारखे होऊ नये म्हणून दिलेली सोबत, हा अर्थही त्यात आपोआप येऊन बसला.

इंग्रजी ‘ब्लर्ब’ची कुळी वेगळी. 1907 साली जिलेट बर्जेस या अमेरिकन विनोदी लेखकाने पुस्तकविक्रेत्यांच्या मेजवानीत वाटायच्या आपल्या पुस्तकासाठी एक खास वेष्टण केले. त्यावर तोंडाशी हात धरून ओरडणारी एक बाई होती आणि तिचे नाव ठेवले होते मिस बेलिंडा ब्लर्ब. प्रकाशकांच्या बेसुमार स्तुतीची ती टवाळी होती. पुढे टवाळी विसरली गेली आणि शब्द कोशात जाऊन बसला. म्हणजे इंग्रजी शब्द जन्माने बाजारातला, मराठी शब्द माजघरातला. कवितेच्या पुस्तकावरचा मजकूर प्रत्यक्षात यांतले कोणते काम करतो, हे पाहायला हवे.

शब्दाच्या आधी ही वस्तू होतीच, आणि तिचा पहिला ठळक दाखला कवितेच्याच पुस्तकाचा आहे. वॉल्ट व्हिटमनने 1855 मध्ये ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ स्वतःच काढले. मुखपृष्ठावर नाही, शीर्षकपानावरही कवीचे नाव नाही, असे ते पुस्तक. एक प्रत त्याने इमर्सनला पाठवली. इमर्सनने उत्साहाने अभिनंदनाचे खासगी पत्र लिहिले. व्हिटमनने ते आधी वृत्तपत्रात जाऊ दिले आणि 1856 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातले एक वाक्य इमर्सनच्या नावासह पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापले. परवानगी विचारली नाही. पहिल्या आवृत्तीची निनावी परीक्षणेही त्याने स्वतःच लिहिली होती, हे आता सर्वज्ञात आहे. 1874 मध्ये इमर्सनने ‘पर्नॅसस’ हे काव्यसंकलन केले तेव्हा त्यात व्हिटमन नव्हता. त्यामागचे कारण काहीही असो, पाठीवर नाव कोरल्याने पाठीराखा कायमचा मिळत नाही, इतके खरे.

मराठीत ही सोबत दीर्घकाळ पुस्तकाच्या आत, प्रस्तावनेच्या रूपात होती. जुन्या ग्रंथांवर ‘पुरस्कार’ असे लिहून एखाद्या मान्यवराचे नाव असे. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ 1942 मध्ये आला तेव्हा कवी तिशीचा होता, आणि प्रस्तावना लिहिणारे वि. स. खांडेकर महाराष्ट्रभर वाचले जाणारे कादंबरीकार होते. खांडेकरांचा वाचक त्यांचे बोट धरून या कवितेपर्यंत आला असेल, तर त्यात नवल नाही. ‘बहिणाबाईंची गाणी’ 1952 मध्ये निघाली त्याला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे. त्याआधीच्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या होत्या. स्वतःची ओळख करून द्यायला कवयित्री हयातच नव्हती. तिचे शेत, तिचे घर, तिची बोली यांच्याविषयी कोणीतरी सांगणे भागच होते. इथे पाठराखीण शब्दशः लागत होती.

पण या परंपरेतला मला सर्वांत उपयोगी वाटणारा मजकूर विजय तेंडुलकरांचा आहे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला (1972) त्यांनी लिहिलेली प्रस्तावना कवितेला गुण देत बसत नाही. पांढरपेशा माणसाचे शहर जिथे संपते तिथून ही कविता सुरू होते, हे तेंडुलकर आधी सांगतात. आणि आपल्याला यातले अनेक शब्द कळले नाहीत, ते कवीला विचारावे लागले, हेही लपवत नाहीत. तेंडुलकरांसारखा नावाजलेला नाटककार न कळल्याची कबुली देतो, तेव्हा सदाशिव पेठेतल्या किंवा पार्ल्यातल्या वाचकाला पुस्तक मिटून ठेवायला सबब उरत नाही. त्याचे न कळणे हा कवितेचा दोष नाही, हे त्याला तिथे समजते. स्तुतीच्या दहा वाक्यांनी हे साधले नसते.

प्रस्तावना दहा-पंधरा पानांची असे. ती आक्रसत मलपृष्ठावर आली तेव्हा तिच्यातले वर्णन गळाले आणि प्रशस्ती तेवढी उरली. आजच्या पाठराखणीतले शब्द आपल्या ओळखीचे आहेत: समकालाचे भान, आतड्यातून आलेली कविता, प्रतिमांचे अनोखे विश्व, मराठी कवितेला नवे परिमाण. मजकूर झाकून कवीचे नाव बदलले तर बिघडत नाही. लिहिणाऱ्यांचा दोष आहेच, पण व्यवहारही बघायला हवा. पहिला संग्रह काढणारा कवी ज्येष्ठाकडे टंकलिखित घेऊन जातो, बहुधा स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढत असतो, आणि नाही म्हणणे ज्येष्ठाला जड जाते. मग दीडशे शब्दांत कोणाचे मन न दुखावता सुटका करून घ्यायची, तर असेच शब्द हाताला लागतात.

हे निरुपद्रवी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. नियतकालिके कमी झाली, दैनिकांच्या पुरवण्यांतून कवितेची परीक्षणे आटली. अनेक संग्रहांना पाठराखण हीच पहिली आणि शेवटची समीक्षा ठरते. जे थोडे परिचय छापून येतात, त्यांतले कित्येक मलपृष्ठच उतरवून घेतात. म्हणजे कवीच्या विनंतीवरून लिहिलेला मजकूर त्याच्या कवितेवरचे मत म्हणून नोंदला जातो. ज्या कवीला असा ज्येष्ठ गाठता येत नाही, गाव दूर, ओळख नाही, त्याची पाठ कोरीच राहते.

मग पाठ सरसकट कोरी ठेवावी का? आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे अभिप्राय 1929 मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये छापले. नाव नसताना चांगल्या कविता झिडकारल्या गेल्या, सुमार कवितांना वाहवा मिळाली. हा दाखला नेहमी नाववाल्या पाठराखणीच्या बाजूने दिला जातो. मला त्यातली दुसरी नोंद महत्त्वाची वाटते: पुष्कळ वाचकांना कवितेचा साधा, सरळ अर्थच लागला नव्हता. नावाने दबदबा निर्माण होतो, अर्थ लागत नाही. वाचकाला मदत हवी होती ती अर्थाच्या बाजूने.

आणि मोठे नाव महागही पडते. रवींद्रनाथांची इंग्रजी ‘गीतांजली’ 1912 मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने 750 प्रतींत छापली, ती डब्ल्यू. बी. येट्सच्या प्रस्तावनेसह. येट्सला बंगाली येत नव्हते. हस्तलिखित घेऊन तो आगगाडीत आणि उपाहारगृहांत वाचत बसला, आणि आपण किती हेलावलो आहोत हे कोणा परक्याने पाहू नये म्हणून ते अनेकदा मिटावे लागले, असे तो लिहितो. पुढच्याच वर्षी नोबेल मिळाले. पण त्या प्रस्तावनेने युरोपला दिलेला टागोर हा पूर्वेकडचा निरागस संतकवी होता. विनोदी, तिरकस, राजकीय टागोर त्या चौकटीत मावत नव्हता. 1935 मध्ये येट्सनेच रोथेनस्टाइनला लिहिलेल्या पत्रात टागोरांच्या नंतरच्या इंग्रजी पुस्तकांवर आग पाखडली. तोवर वाचकांच्या मनात चौकट पक्की बसली होती. पाठराखीण गेली तरी तिने सांगितलेली ओळख सासरी राहते, ती अशी.

माझी कसोटी साधी आहे. हा मजकूर दुसऱ्या संग्रहावर चालेल का? चालत असेल तर तो छापू नये. कविता कोणत्या बोलीत आहे, किती वर्षांची आहे, ती कोणत्या गावातून, कोणत्या कामातून आली, एखादी दीर्घकविता असेल तर तिचे सूत्र काय, अशी चार ठोस वाक्ये अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडीतल्या संग्रहाला किती उपयोगी पडतील! टी. एस. एलियटसारखा कवी लंडनच्या फेबरमध्ये वर्षानुवर्षे पुस्तकांवरचे मजकूर स्वतः लिहीत असे, तेही बहुतेक विनास्वाक्षरी. प्रकाशनसंस्थेतल्या जबाबदार माणसाने लिहिलेल्या मजकुराला भीड कमी असते. आपल्याकडे हे काम संपादकाने अंगावर घ्यायला हवे. ते कवीवर सोपवणे म्हणजे नवरीलाच पाठराखीण शोधून आण म्हणणे. आणि काहीच सुचत नसेल तर पाठीवर संग्रहातली एक पूर्ण कविता छापावी. उभ्या-उभ्या पुस्तक चाळणाऱ्याला तिच्याइतका खरा नमुना दुसरा कोणता मिळणार?

बाहेर या प्रश्नाची चर्चा उघडपणे सुरू झाली आहे. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेच्या त्याच नावाच्या मुख्य शाखेने, लेखकांनी अशी प्रशस्तिपत्रे मिळवून आणलीच पाहिजेत हा आग्रह यापुढे धरणार नाही, असे जाहीर केले. लेखकांचा आणि मजकूर लिहिणाऱ्यांचा वेळ, आणि ओळखीपाळखींना मिळणारे महत्त्व, ही कारणे त्यांनी दिली. मराठीत पुस्तक घरबसल्या मागवणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि संकेतस्थळावर बऱ्याचदा मुखपृष्ठच तेवढे दिसते. मलपृष्ठावरचा मजकूर तिथे ‘पुस्तकाविषयी’ या रकान्यात जातो, कित्येकदा लिहिणाऱ्याच्या नावाशिवाय. नाव गळल्यावर त्यात वाचण्यासारखे काय उरते, हे कवींनी आपल्या पुस्तकाच्या पानावर जाऊन एकदा पाहावे.