मोजू या, मग बोलू (भाग ७) : दोन प्रश्न आणि दोनशे वीस पत्त्या

आधी गेल्या आठवड्याच्या प्रश्नाचे उत्तर. उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात २८ पासून ३८ पर्यंत सहा साइज, चार रंग आणि तीन तऱ्हेचे वॉश आहेत. घाऊक व्यापाऱ्याला प्रत्येक प्रकारचा एकेक पीस दाखवायचा, तर किती पीस काढावे लागतील? उत्तर ६ × ४ × ३ = ७२. तेरा हे उत्तर आले असेल तर तुम्ही बेरीज केलीत. प्रत्येक पिसाला साइज हवा आणि रंग हवा आणि वॉशही हवा. जिथे ‘आणि’ येते तिथे गुणाकार. सहा साइजच्या जीन्स किंवा पाच साइजचे शर्ट यांतली एकच वस्तू उचलायची असेल, तर ६ + ५ = ११. ‘किंवा’ आले की बेरीज.

आज एक पायरी वर चढू. क्रमचय आणि संचय ही नावे ऐकली की अकरावीची मुले सूत्र शोधू लागतात आणि तिथेच चुकतात. सूत्र नंतर येते. त्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारायचे : क्रम बदलला तर फरक पडतो का? आणि एकदा घेतलेली गोष्ट पुन्हा घेता येते का?

पहिला प्रश्न कॅम्पातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तिच्या बराकींत राहू लागली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचे उल्हासनगर झाले. नाव मिळाले, पण पत्ते आकड्यांचेच राहिले : कॅम्प नंबर, सेक्शन नंबर, बराक नंबर, खोली नंबर. बराक १२ मधली खोली ५ आणि बराक ५ मधली खोली १२ ही दोन निराळी घरे आहेत. आकडे तेच असले तरी क्रम बदलल्याने घर बदलले.

क्रमाचे सर्वांत देखणे उदाहरण आपल्याच मातीत आहे. कॅम्प ५ ला लागूनच अंबरनाथ आहे. तिथल्या शिवमंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२ हा काळ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. त्यानंतर नव्वद वर्षांनी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ रचली. तिच्या अखेरीस ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे आणि त्यात शंकराचाच एक प्रश्न आहे : शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, त्रिशूळ अशी दहा आयुधे आहेत, ती हातांत अदलून-बदलून धरली तर मूर्तीची किती रूपे होतील? आणि विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म असतील तर किती?

विष्णूपासून सुरुवात करू. पहिल्या हातात चारपैकी कोणतेही एक. ते दिले की दुसऱ्यासाठी तीन उरतात, मग दोन, मग एक. ४ × ३ × २ × १ = २४. संध्येत केशवाय नमः, नारायणाय नमः अशी जी चोवीस नावे घेतात, त्यांच्या चोवीस मूर्ती याच चार आयुधांच्या अदलाबदलीने ओळखल्या जातात. मूर्तिकारांनी आणि पूजा करणाऱ्यांनी हा गुणाकार शतकानुशतके सांभाळला आहे. दहा हातांसाठी दहापासून एकपर्यंतचा गुणाकार करा : ३६,२८,८००. दर सेकंदाला एक रूप पाहत अहोरात्र बसलात, तर सगळी रूपे पाहायला बरोबर ४२ दिवस लागतील.

आता दुसरा प्रश्न. आयुध एकदा हातात गेले की पुन्हा घेता येत नाही. म्हणून दर पावलाला पर्याय एकेकाने घटत गेले. तीन आकडी कुलपाचे तसे नसते. तिथे ७-७-७ चालते, म्हणून १० × १० × १० = १०००. आकडा पुन्हा वापरायचा नाही असे ठरवले, तर १० × ९ × ८ = ७२०. आणि क्रमही सोडून दिला, नुसते तीन वेगळे आकडे निवडले, तर? कोणतेही तीन वेगळे आकडे सहा प्रकारे मांडता येतात, म्हणजे ७२० मध्ये प्रत्येक त्रिकूट सहा वेळा मोजले गेले आहे. ७२० ÷ ६ = १२०.

चौथा खण राहिला : क्रम नको, पण पुनरावृत्ती चालेल. त्याचे उदाहरण मी मुद्दाम मटक्याचे घेतो, कारण या गणिताच्या अज्ञानाने आपल्या भागातल्या किती घरांची चूल थंड झाली आहे. ‘कल्याण मटका’ हे नाव शेजारच्या कल्याणवरून पडलेले नाही; ते १९६० च्या दशकात हा धंदा उभा करणाऱ्या कल्याणजी भगत यांच्यावरून पडले. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या भावांच्या आकड्यांवर पैसे लागत. तो मार्ग बंद झाल्यावर आकडे मडक्यातल्या चिठ्ठ्यांतून निघू लागले. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली हा गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

शून्य ते नऊ यांतले तीन आकडे काढतात आणि चढत्या क्रमाने लिहितात, ती ‘पत्ती’. कोणता आकडा आधी निघाला याला महत्त्व नाही. अशा पत्त्या किती? तिन्ही आकडे वेगळे असलेल्या १२०, हे आपण आत्ताच काढले. दोन सारखे, एक वेगळा : जोडीच्या आकड्यासाठी दहा पर्याय, उरलेल्यासाठी नऊ, म्हणून ९०. तिन्ही सारखे : १०. बेरीज २२०.

इथे संभाव्यतेचा सापळा आहे. दहावीच्या पुस्तकातली व्याख्या सांगते : अनुकूल निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती. मग कोणतीही पत्ती लागण्याची संभाव्यता २२० मध्ये एक? नाही. भागाकार करण्याआधी सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य आहेत का, हे पाहावे लागते. समजा, दहा चिठ्ठ्यांतून एक काढली, परत टाकली, असे तीनदा केले. क्रमासह १००० निष्पत्ती, आणि त्या सगळ्या सारख्याच शक्य. १-२-३ ही पत्ती त्यांपैकी सहा मार्गांनी येते, १-१-२ तीन मार्गांनी, १-१-१ फक्त एका मार्गाने. पडताळा करा : १२० × ६ + ९० × ३ + १० × १ = १०००. हिशेब जुळला. म्हणजे १-२-३ येण्याची शक्यता १-१-१ च्या सहापट आहे.

ही चूक तुमच्याकडून झाली तर खट्टू होऊ नका. फ्रान्सचे थोर गणिती द’आलांबेर यांनी १७५४ मध्ये विश्वकोशात लिहिले की, नाणे दोनदा उडवले तर किमान एकदा छाप येण्याची संभाव्यता दोन-तृतीयांश. खरे उत्तर तीन-चतुर्थांश. त्यांनीही असमान गोष्टी समान धरून मोजल्या होत्या.

आता पैशांचा हिशेब. पत्तीतल्या तीन आकड्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक हा एकेरी ‘आकडा’. तो दहांपैकी कोणताही, सारख्याच शक्यतेने येतो. रूढ भाव एका रुपयाला नऊ. दोन अंकी जोडी शंभरांत एक, आणि भाव एकाला नव्वद. खेळ अगदी प्रामाणिक असला, तरी लावलेल्या प्रत्येक दहा रुपयांमागे सरासरी एक रुपया कायमचा जातो. “सात दहा दिवस आला नाही, आज येणारच,” असे म्हणणाऱ्याला सांगा : दहा सोडतींत सात एकदाही न येण्याची संभाव्यता ०.९ चा दहा वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ३५ टक्के. ही काही नवलाची गोष्ट नाही. अकराव्या दिवशी साताची शक्यता पुन्हा दहांत एकच.

सरावासाठी (आधी दोन प्रश्न विचारा, मग आकडेमोड)

१. पाच कॅम्पांतून एकेक मित्र आला. पाच जण एका ओळीत किती प्रकारे उभे राहतील? त्यांतले दोघे कॅरमसाठी किती प्रकारे निवडता येतील?

२. सहा प्रवाशांपैकी तिघे शेअर रिक्षात मागे बसणार. बसण्याची जागा महत्त्वाची नसेल तर किती प्रकार? असेल तर किती?

३. दोन फासे टाकले. बेरीज सात येण्याची संभाव्यता किती? ३६ निष्पत्ती लिहून काढा.

४. पाच मित्रांपैकी किमान दोघांचा जन्म एकाच वारी झाला असण्याची संभाव्यता किती? आधी ‘सगळ्यांचे वार वेगळे’ हे मोजा.

उत्तरे पुढच्या भागात. तोवर एक विनंती. घरात किंवा शेजारी कुणी आकडा लावत असेल, तर त्याला रागावू नका. कागद-पेन्सिल द्या, शून्यापासून नऊपर्यंत प्रत्येक आकड्यावर एक रुपया लावल्याचे मांडायला सांगा आणि कोणताही एक आकडा आला असे धरून हिशेब त्यालाच करू द्या. दहा गेले, नऊ आले, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले असू द्या.