कटआउट स्टारचं, निकाल प्रेक्षकांचा

तमिळ सिनेमा म्हटलं की आपल्याला आठवतात उंच कटआउट आणि त्यांवर होणारा दुधाचा अभिषेक. पण ही गर्दी पहिल्या दिवसाची. पुढचं ठरवतो तो सामान्य प्रेक्षक, आणि तो कुणाचीही भीड ठेवत नाही.

२००२ मध्ये रजनीकांतचा ‘बाबा’ आपटला. कथा-पटकथाही त्याचीच होती. वितरकांचं नुकसान त्याने स्वतः भरून दिलं (हे मला फार मोठं वाटतं). त्याच रजनीचा २००५ मधला ‘चंद्रमुखी’ चेन्नईच्या शांती थिएटरात आठशेहून अधिक दिवस चालला!

२०२५ चं उदाहरण तर अगदी बोलकं आहे. ‘नायकन’नंतर जवळपास चार दशकांनी कमल हासन आणि मणिरत्नम ‘ठग लाइफ’साठी एकत्र आले, पण लोकांनी पाठ फिरवली. त्याच्या महिनाभर आधी आला होता ‘टुरिस्ट फॅमिली’. नवखा दिग्दर्शक, छोटं बजेट, श्रीलंकेतून चेन्नईत आलेल्या एका तमिळ कुटुंबाची गोष्ट. सोबत प्रदर्शित झालेला स्टार सूर्याचा ‘रेट्रो’. तरीही तोंडी प्रसिद्धीवर ‘टुरिस्ट फॅमिली’ वर्षातल्या गाजलेल्या तमिळ चित्रपटांपैकी एक ठरला.

पाहिला नसेल तर घरच्यांसोबत जरूर बघा.