फॉर्म अर्ध्या तासाचा, कागद वर्षाचे

डिसेंबर सरत आला की जिंतूरच्या झेरॉक्स दुकानांत एकच विचारणा सुरू होते, "सीईटीचे फॉर्म सुटले का?" येलदरीची पोरं पूर्णेकाठावरून एसटीने किंवा कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून तालुक्याला येतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दहावीचं मार्कमेमो, आधार कार्ड आणि मागच्याच आठवड्यात काढलेले पासपोर्ट फोटो. एवढ्यावर फॉर्म भरून होईल, अशी त्यांची समजूत असते. फॉर्म भरून होतोही. अडचण येते ती जून-जुलैत, प्रवेशाच्या फेरीला.

राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होणाऱ्या एमएचटी-सीईटीला आता दरवर्षी सात लाखांहून अधिक अर्ज येतात. 2025 च्या परीक्षेची नोंदणी डिसेंबर 2024 च्या अखेरीस सुरू झाली होती. म्हणजे बारावीची प्रॅक्टिकल तोंडावर आलेली, पोरगं किंवा पोरगी नांदेड-लातूरला शिकवणीला गेलेली आणि कागद गावातल्या पत्र्याच्या पेटीत.

पहिला अडथळा ओटीपीचा. नोंदणीला मोबाईल नंबर लागतो आणि बऱ्याच घरांत तो वडिलांचा असतो. मुलगी लातूरला संगणकासमोर बसलेली, वडील हरभऱ्याला पाणी देत शेतात आणि फोन घरी चार्जिंगला लावलेला. ओटीपीची मुदत तेवढ्यात निघून जाते. वरवर ही किरकोळ गोष्ट वाटते. पण पुढे हॉलतिकीट, निकाल, प्रवेशफेरी हे सारं त्याच नंबराशी बांधलेलं असतं. सेवा केंद्रवाल्याने घाईत स्वतःचा नंबर टाकला, तर पुढचे सहा महिने प्रत्येक वेळी त्यालाच शोधत फिरावं लागतं. नंबर आणि ईमेल घरचाच हवा आणि पासवर्ड वहीत लिहिलेला हवा.

दुसरा अडथळा नावाचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकदा आडनाव शेवटी. क्रम उलटा असला तर सहसा निभावतं. स्पेलिंगचा फरक मात्र निभावत नाही. दत्तात्रयच्या इंग्रजी स्पेलिंगात एका कागदावर एक 'टी' आणि दुसऱ्यावर दोन, एवढ्यावरून माणूस वेगळा ठरतो. फॉर्मवर नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहायचं आणि आधार त्याला जुळवून घ्यायचं, तेही नोंदणी उघडायच्या आधी. फोटो पार्श्वभूमी पांढरी ठेवून, कान दिसतील असा काढावा. सही कोऱ्या कागदावर काळ्या पेनाने करावी. रेघांच्या वहीवर केलेली सही स्कॅन केली की निळ्या रेघा सहीच्या आरपार जातात.

गट निवडतानाही गफलत होते. पीसीबी गटातून सीईटी दिली की डॉक्टरकीला नंबर लागेल, असं अजूनही काही पालकांना वाटतं. एमबीबीएससाठी नीट लागते. तिचा अर्ज वेगळा, यंत्रणा वेगळी आणि शुल्कही वेगळं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात बीएस्सी कृषीला जायचं असेल, तर मात्र सीईटीचा कोणताही गट चालतो. येलदरी परिसरातल्या शेतकरी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावं. आणखी एक: भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतून घेता येतात, गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो.

आता कळीचा रकाना. प्रवर्ग.

फॉर्मवर तो एका टिचकीचा आहे. ओबीसी, व्हीजे, एनटी, एससी, एसईबीसी यांतून निवडलं की खाली प्रश्न येतात: जातीचा दाखला आहे का, व्हॅलिडिटी आहे का, नॉन-क्रिमिलेअर आहे का. इथे 'अर्ज केला आहे' असं भरता येतं आणि बहुतेकजण तेच भरतात. नोंदणीच्या दिवशी कुणी कागद मागत नाही, म्हणून सगळे निर्धास्त राहतात.

महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी, यांसाठी 2000 सालचा कायदा आहे. व्हॅलिडिटीसाठी पुरावा लागतो तो ठरावीक तारखेच्या आधीचा: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. म्हणजे 2008 साली जन्मलेल्या पोराला आजोबांच्या, कधी पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा शोधावा लागतो. मराठवाड्यात हे काम जास्त जड जातं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे त्या काळचं बरंचसं सरकारी दप्तर उर्दूत आहे. नोंद सापडली तरी ती वाचणारा आणि तिचं प्रमाणित भाषांतर करून देणारा गाठावा लागतो. कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीलाही याच दप्तरांत शिरावं लागलं.

येलदरीला त्यात आणखी एक गाठ आहे. इथलं धरण विसाव्या शतकाच्या मध्यात उभं राहिलं. ज्या कुटुंबांचं मूळ गाव जलाशयाखाली गेलं, त्यांच्या आजोबांची शाळा आता जागेवर नाही. तिचं रजिस्टर कोणत्या शाळेकडे गेलं, हे गावातल्या जुन्या माणसांना विचारूनच कळणार. उलट धरणाच्या आणि वीजकेंद्राच्या कामावर बाहेरून येऊन जी कुटुंबं कॅम्पात राहिली, त्यांचा प्रश्न निराळा. जातीचा दाखला मूळ वास्तव्याच्या जिल्ह्यातून काढावा लागतो. नातवाचा जन्म येलदरीचा असला तरी त्याला आजोबांच्या तालुक्याला जावं लागतं. एका हेलपाट्यात हे काम क्वचितच होतं.

नॉन-क्रिमिलेअरची खोच वेगळी. या दाखल्यावर मुदत लिहिलेली असते आणि ती 31 मार्चला संपते. फेब्रुवारीत धावपळ करून काढलेला, त्याच मार्चला संपणारा दाखला जूनमध्ये कामाचा राहत नाही. प्रवेशाला पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंतचा हवा असतो. नीट आणि जेईईसाठी ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो. तहसीलला जाताना दोन्ही अर्ज सोबतच द्यावेत.

मुलींच्या घरच्यांनी उत्पन्नाच्या दाखल्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. येलदरीच्या मुलीला इंजिनिअरिंगला पाठवायचं की गावाजवळच्या बीएला, हे पुष्कळ घरांत फीच्या आकड्यावर ठरतं. एका दाखल्यापायी तो निर्णय फिरू नये.

म्हणून कामाची सुरुवात डिसेंबरात नव्हे, अकरावीच्या उन्हाळ्यात व्हायला हवी. पेरणीची धांदल सुरू होण्याआधी आजोबांच्या शाळेत उताऱ्यासाठी अर्ज द्यावा. जातीचा दाखला हाती आला की बारावीला लागताच महाविद्यालयाच्या पत्रासह परभणीच्या पडताळणी समितीकडे व्हॅलिडिटीचा अर्ज करावा आणि पोचपावती जपून ठेवावी. उताऱ्याच्या दोन मूळ प्रती घ्याव्यात, दोन्हींवर मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि रजिस्टर क्रमांक आहे ना, हे तिथेच उभं राहून पाहावं, आणि आजोबांच्या नावातलं एकेक अक्षर वडिलांच्या टीसीशी ताडून मगच शाळेबाहेर पडावं.