धडा आणि त्याची चिठ्ठी

ग्रंथालयांतील पुस्तक चुकीच्या फडताळांत गेलें, कीं तें असून नसल्यासारखें होतें. तरी त्याची पाठ निदान दृष्टीस पडते, पानें चाळतां येतात. संगणकाच्या पडद्यावर चालणाऱ्या धड्याचें तसें नाहीं. ज्याला आज टॅग म्हणतात ती चिठ्ठी त्याला नसेल, अथवा असून खोटी असेल, तर तो कोणाच्याच हातीं लागत नाहीं, आणि एखाद्या शिक्षिकेनें रात्री जागवून केलेलें काम वायां जातें.

केंद्र सरकारचा 'दीक्षा' हा शिक्षणमंच ५ सप्टेंबर २०१७ रोजीं सुरू झाला. पाठ्यपुस्तकांत छापलेली चौकोनी क्यूआर खूण फोनच्या कॅमेऱ्यापुढें धरली, कीं त्या प्रकरणाचें साहित्य उघडतें. बालभारतीच्या पुस्तकांमुळें ही खूण मराठी घरांतहि परिचयाची झाली आहे. कॅमेरा नीट चालत नसेल तर खुणेखालचा सहा अक्षर-अंकांचा संकेत टाइप केला तरी चालतो. मुलाला यांत जादू वाटते. वस्तुतः कोणीतरी आधीं बसून त्या संकेताला विशिष्ट धडा जोडलेला असतो, आणि धड्यावर मंडळ, माध्यम, इयत्ता व विषय अशा चार चिठ्ठ्या लावलेल्या असतात. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनीं पाहून तिचें स्थान ठरविण्याची ही रीति नवी नव्हे. मद्रासचे ग्रंथपाल रंगनाथन यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोलन वर्गीकरणांत हीच दृष्टि आहे.

इतक्या बाजू कशाला हव्यात, हें 'मूळ' या एका शब्दावरून कळेल. गणितांत तें वर्गमूळ, वनस्पतिशास्त्रांत झाडाचा जमिनीखालील भाग. विषयाची चिठ्ठी नसेल तर दोन्ही धडे एकाच ढिगांत येऊन पडतात. उलट, एकाच कल्पनेलाहि अनेक नांवें मिळतात. एक शिक्षक 'अपूर्णांक' लिहितो, दुसरा सेमी-इंग्रजी वर्गाच्या सवयीनें 'फ्रॅक्शन', आणि तिसरा शुद्धलेखनांत चुकून 'अपुर्णांक'. साध्या शोधयंत्राला हे तीन निरनिराळे विषय वाटतात. यावर उपाय म्हणजे शब्दांची ठरलेली यादी, व तिच्याबाहेर न जाण्याची शिस्त. उत्साही शिक्षक येथें हमखास कंटाळतो. दहा-बारा चिठ्ठ्या लावल्या म्हणजे धडा अधिक लोकांना सांपडेल, अशी त्याची समजूत असते; प्रत्यक्षांत तो नको त्यांना सांपडतो.

परस्परसंवादी धड्याला एवढ्यानें भागत नाहीं. चित्रपट सर्वांना सारखाच दिसतो. हा धडा मात्र मुलाच्या उत्तराप्रमाणें वळतो. मग बाहेरून पाहणाऱ्याला त्यांत काय आहे हें कळावें कसें? आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनें २००२ सालीं शैक्षणिक साहित्याच्या वर्णनासाठीं जें मानक मंजूर केलें, त्यांत शिकण्यास लागणारा वेळ, वय व कठिणता यांच्या जोडीला 'संवादाची पातळी' असाहि एक रकाना आहे. अत्यल्पापासून अत्युच्चापर्यंत त्याच्या पांच पायऱ्या. रकाना चांगला, पण दोन शिक्षक तो सारखाच भरतील ही आशा व्यर्थ होय. त्यापेक्षां साधीं वाक्यें अधिक उपयोगीं पडतात: मूल तराजूच्या दोन्ही पारड्यांत वजनें ठेवतें; समीकरण चुकलें तर पारडें कलतें, उत्तर मात्र सांगितलें जात नाहीं. त्यापुढें, धड्यापूर्वीं मुलाला काय यावयास हवें, आवाज बंद असतां धडा समजतो कीं नाहीं, माउसवांचून केवळ कळफलकानें चालतो कीं नाहीं, हें लिहावें. शेवटची नोंद पुष्कळजण गाळतात. संगणकावर शिकणाऱ्या अंध मुलाला तीच सर्वांत महत्त्वाची. कारण पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारें साधन तो कळफलकानेंच चालवितो.

धडा कोणत्या तंत्रानें बनविला हेंहि टिपलें पाहिजे. एके काळीं असे असंख्य धडे फ्लॅशमध्यें होत. ३१ डिसेंबर २०२० रोजीं अडोबी कंपनीनें फ्लॅशचा आधार काढून घेतला, आणि ब्राउझरमध्यें ते धडे उघडेनासे झाले. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनीं २००२ सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत आरंभिलेल्या फेट प्रकल्पालाहि जावा व फ्लॅशमधील आपलीं प्रतिरूपें एचटीएमएल-५ मध्यें नव्यानें लिहावीं लागलीं. त्यांतील कित्येकांचीं अनेक भाषांत भाषांतरें झालीं असून मराठीहि त्यांत आहे. नॉर्वेंत उदयास आलेल्या एच-फाइव्ह-पी या पद्धतींत धड्याच्या गठ्ठ्यांतच शीर्षक, भाषा, कर्ता व परवाना यांची नोंद ठेवण्याची सोय असते. धडा दुसऱ्या मंचावर नेला तरी ती नोंद सोबत जाते. अर्थात् कर्त्यानें ती भरली असेल तर!

पाठ्यपुस्तक बदललें, कीं 'इयत्ता सातवी, प्रकरण चौथें' ही चिठ्ठी एका दिवसांत खोटी ठरते. म्हणून प्रकरणाच्या क्रमांकाबरोबर संकल्पनेचें नांव व पुस्तकाच्या आवृत्तीचें वर्षहि लिहावें, आणि शाळा सुरू होण्यापूर्वीं दरसाल सर्व नोंदी तपासून पाहाव्या. तपासणारा मात्र धड्याचा कर्ता नसावा. दुसऱ्या शाळेंतील शिक्षकाला केवळ नोंद वाचावयास द्यावी. धडा न उघडतां त्यांत काय आहे हें त्याला सांगतां आलें नाहीं, तर ती पुन्हां लिहावी.