डहाणूचा फुगा

डहाणू म्हटले की चिकू आठवतो. पण तेथे रबरी फुग्यांचेही कारखाने आहेत. रबराचा चीक म्हणजे कार्बन व हायड्रोजन यांच्या लांबच लांब साखळ्या. नुसता चीक वाळवला, तर उन्हात तो चिकटतो, कारण साखळ्या एकमेकींवरून घसरतात. गंधक मिसळून उष्णता दिली, की गंधकाचे अणू त्यांना जागोजाग टाके घालतात. मग ताणलेला फुगा पूर्ववत होतो. ही किमया गुडइयरला १८३९ साली साधली. टाके कमी पडले तर फुगा लिबलिबीत. अतिशय झाले तर तेच रबर एबोनाइटासारखे कठीण! म्हणजे माप चुकले, की कारागिराचे कष्ट वाया. पदार्थाचे गुण द्रव्याइतकेच त्याच्या बांधणीतही असतात, ते असे.